रोज वीस मिनिटं

सुमती धैर्यवान यांच्या परळच्या दवाखान्यात खोटं बोलायला लोक घाबरत. हाताच्या फिजिओथेरपीत त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. तुटून जोडलेली बोटं, मोडलेली मनगटं, यंत्रात सापडलेले पंजे त्यांच्या टेबलावर येत आणि बऱ्यापैकी कामाचे होऊन परत जात. घरी करायच्या व्यायामाचा एक छापील तक्ता त्या प्रत्येकाला देत. सात वार, सात चौकोन. वीस मिनिटं व्यायाम झाला की त्या दिवसाच्या चौकोनात बरोबरची खूण करायची. आठवड्यानं पेशंट तक्ता घेऊन आला की बाई आधी तक्त्याकडे पाहतच नसत. बोट हातात घेत, एकदा वाकवून बघत आणि म्हणत, "सोमवारी केलंत, मंगळवारी केलंत. पुढचं सगळं आज सकाळी बसमध्ये भरलंय. एकाच पेनानं." पेशंट खाली बघे. बाईंना यात थोडी मजा येत असे. हे त्यांनी कधी कुणाजवळ कबूल केलं नव्हतं, पण त्यांचे यजमान गुरुदत्त यांना ते ठाऊक होतं.

कुशाबा परब त्यांच्याकडे पहिल्यांदा आले ते जानेवारीत, ऑपरेशन झाल्याबरोबर. वय अठ्ठावन्न, राहायला लालबागच्या चाळीत. एके काळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, आता चाळीतल्याच एका खोलीत गिटारचा क्लास घ्यायचे. एका हळदीच्या कार्यक्रमात टेम्पोतून उतरवताना स्पीकरचा खोका त्यांच्या डाव्या हातावर आला आणि मधलं बोट वाकवणारी नस तुटली. ऑपरेशन करून ती जोडली होती. दोन महिने पट्टीत राहिलेलं बोट मार्चमध्ये मोकळं झालं, पण वाकायचं विसरलं होतं. मूठ मिटली की बाकीची बोटं तळहाताला टेकत आणि मधलं चार सेंटीमीटरवर थांबून राही, नमस्काराला न वाकणाऱ्या जावयासारखं.

"जूनमध्ये आमच्या जुन्या ऑर्केस्ट्राचा प्रोग्राम आहे मॅडम," कुशाबा म्हणाले. "तीस वर्षांनी सगळे एकत्र येतायत."

"मग रोज वीस मिनिटं. माझ्याकडे दुसरं औषध नाही."

तीन आठवडे तक्ते भरून येत राहिले. एकही चौकोन रिकामा नाही आणि बोट होतं तिथेच. चौथ्या आठवड्यात बाईंचा आवाज चढला.

"परब, हे बोट गेल्या महिन्याभरात वीस मिनिटंसुद्धा हललेलं नाही. रोजचं तर सोडाच. दिवसातली वीस मिनिटं मिळत नाहीत म्हणणारा माणूस मला अजून पटलेला नाही."

कुशाबा रागावले नाहीत. हात तसाच टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "मॅडम, एक विचारू? हातानं करायचं असं नवीन काय तुम्ही लास्ट कधी शिकलात?"

बाईंना चटकन आठवेना. वीस वर्षांपूर्वी त्या गाडी शिकायला गेल्या होत्या, पण हिंदू कॉलनीतल्या एका झाडाशी गाठ पडल्यावर तो विषय संपला होता. ते सांगण्यासारखं नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुमच्या गिटारचंच सांगा. अगदी कोऱ्या माणसाला पहिले चार कॉर्ड यायला किती दिवस लागतात?"

"रोज वीस मिनिटं केली तर दोन महिने."

"मी दीड महिन्यात करून दाखवते. हात म्हणजे काय ते तुमच्या विद्यार्थ्यांपेक्षा मला जरा जास्त कळतं. पण अट एकच. मी जेवढं करीन तेवढं तुम्हीही करायचं."

"चालेल," कुशाबा म्हणाले. "तक्ता मी देतो."

त्या शनिवारी दुपारी बाई लालबागला पोचल्या. एप्रिल लागला होता. अख्खी मुंबई वर्षाचा मसाला करून घ्यायला तिथल्या गिरण्यांपुढे रांगा लावून उभी होती आणि मिरचीचा खकाणा तिसऱ्या मजल्यापर्यंत चढत होता. बाई शिंकतच जिना चढल्या. दारात कुशाबांची बायको शेवंती उभी होती. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "सवय होतली. पयल्या दिसाक सगळेच रडतत. गिटार येवक नाय म्हणान न्हय, मिरचेन."

कुशाबांनी बाईंच्या मांडीवर एक जुनी गिटार ठेवली. परळला बाई मॅडम होत्या आणि ते परब. इथे काय म्हणायचं हा प्रश्न बाईंना जिन्यातच पडला होता. क्लासमधली मुलं त्यांना अंकल म्हणत, ते काही शक्य नव्हतं. शेवटी बाईंनी त्यांना काहीच न म्हणायचं ठरवलं.

"ही सगळ्यांत जाड तार, सहावी. खालची बारीक, ती पहिली. मानेवर ह्या आडव्या पट्ट्या दिसतात ना, ते फ्रेट. बोट पट्टीवर ठेवायचं नाही, पट्टीच्या अगदी मागे ठेवायचं. अंगठा मानेच्या पाठी. मॅडम, नखं कापून आला नाहीत?"

बाईंनी अठ्ठावीस वर्षं लोकांना नखं कापून यायला सांगितलं होतं. शेवंतीनं नेलकटर आणून दिलं.

पहिला कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांची जुळणी, ई मायनर. दोन बोटांचा, सगळ्यांत सोपा. मधलं बोट पाचव्या तारेवर, अनामिका चौथीवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटमध्ये. बाईंनी बोटं ठेवली, कुशाबांनी दिलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यानं तारा छेडल्या आणि जे वाजलं त्याला आवाज म्हणता आलं असतं, सूर नाही. एक तार ठप्प, एक फरफरणारी, आणि तिसरी बरोबर वाजली ती बाईंचा हात तिला लागला नव्हता म्हणून.

"परत," कुशाबा म्हणाले.

परत तेच.

"त्याला कारण आहे," बाई म्हणाल्या. "अनामिका स्वतंत्रपणे उचलता येत नाही. आतून ती शेजारच्या बोटांना बांधलेली असते. ही शरीररचनाच आहे."

"सगळ्यांची तशीच असते मॅडम. वाजवणाऱ्यांची पण. परत."

अर्ध्या तासानं बाईंच्या बोटांच्या टोकांना तारांचे खोल वळ पडले होते. प्रत्येक स्नायूचं नाव त्यांना येत होतं आणि एकही स्नायू त्यांच्या हाकेला ओ देत नव्हता. निघताना कुशाबांनी वहीचं पान फाडून दिलं. त्यावर पट्टीनं आखलेले सात चौकोन होते.

ठाकूरद्वारच्या घरी पहिले दोन दिवस बाईंनी खरोखर वीस मिनिटं केली, घड्याळ लावून, खोलीचं दार बंद करून. गुरुदत्त बाहेर पेपर वाचत बसत. ते सज्जन गृहस्थ होते आणि सज्जनपणानंच घात केला. मंगळवारी बाई गिटार नुसती पिशवीतून बाहेर काढत होत्या तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "वा, छान वाजतंय." बाईंनी गिटार परत पिशवीत घातली. बुधवारी डाव्या हाताची बोटं दुखतात म्हणून राहिलं, गुरुवारी पेशंट जास्त होते म्हणून. शुक्रवारी काहीच कारण नव्हतं, तरी राहिलं.

शनिवारी दुपारी टॅक्सीत बसल्यावर बाईंनी तो कागद काढला. दोन चौकोन भरलेले, पाच रिकामे. टॅक्सी भायखळ्याच्या पुलावर चढली तेव्हा त्यांनी पर्समधून निळं पेन काढलं आणि दोन खुणा केल्या. मग निळं ठेवून काळं काढलं आणि आणखी दोन केल्या, जरा तिरक्या. लोक कुठे पकडले जातात ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पाचवा चौकोन त्यांनी मुद्दाम रिकामा सोडला, कारण सातही भरलेला तक्ता खोटा असतो हे त्यांचंच निरीक्षण होतं. कामगिरी इतकी बिनचूक झाली की क्षणभर त्यांना बरं वाटलं. लालबाग येईपर्यंत ते वाटणं ओसरलं होतं.

कुशाबांनी तक्ता घेतला आणि न बघता बाजूला ठेवला. "हात बघू," ते म्हणाले. बाईंची बोटं धरून त्यांनी टोकं अंगठ्यानं दाबून पाहिली, अगदी बाई बघत तशी. "गेल्या शनिवारी इथे वळ होते. टोकं आता कडक व्हायला हवी होती. ही मऊ आहेत."

"माझी कातडी लवकर भरून येते," बाई म्हणाल्या, आणि म्हणताना आपण काय बोलतोय हे त्यांना नीट ऐकू आलं.

"असेल," कुशाबा म्हणाले.

मग बाईंनी कुशाबांचा तक्ता मागितला. तो पूर्ण भरलेला होता. त्यांनी मधलं बोट वाकवून पाहिलं. चार सेंटीमीटर. एरवी याच जागी त्यांची तोफ सुटली असती. आज त्यांनी तक्त्याची घडी घातली आणि परत दिली. कुशाबांनीही बाईंच्या कागदाची घडी घालून परत दिली. खाली गिरणी चालू होती, आणि शिंका आल्या म्हणून दोघांची सुटका झाली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, बाईंनी परबांच्या घरी फोन केला. शेवंतीनं उचलला.

"ते व्यायाम करतात का, खरं सांगा."

"खयचो व्यायाम?" शेवंती म्हणाली. "तुमी दिल्लो तो बॉल सोफ्याखाली गेलो, तो मंगळवारपासून थयच आसा. खुणा मात्र रोज करतत. जेवल्यार."

"पण का करत नाहीत?"

हा प्रश्न बाईंनी अठ्ठावीस वर्षांत फारसा कुणाला विचारला नव्हता. केलं का एवढंच त्या विचारत. शेवंतीनं आवाज हळू केला. मग म्हणाली, "भियतत ओ. तुमीच सांगलास ना सुरवातीक, टाको तुटलो तर परत काय होवचा नाय. ता मनात बसला हा. वाकवूक गेले की म्हणतत, आत काय तरी ताणता. आणि गिटारीक हात लावणत नाय. मुलांका शिकवतत ता तोंडान."

बाईंनी फोन ठेवला. पहिल्याच भेटीत हात हलवू नका हे त्यांनी असं काही बजावलं होतं की माणूस हादरून जावा. तो त्यांच्या हुशारीचा भाग होता. दोन महिन्यांनी आता हलवा हे मात्र त्या नुसत्या छापील कागदानं सांगून मोकळ्या झाल्या होत्या. परबांनी पहिलं मनापासून ऐकलं होतं आणि दुसरं वाचलं होतं, एवढाच फरक. आणि आपली गिटार मंगळवारपासून पिशवीतच का राहिली, याचाही विचार बाईंना करावा लागला. बोटं काही एवढी दुखत नव्हती. भिंतीपलीकडच्या माणसाला आपला तो ठप्प आवाज ऐकू जातो हे त्यांना सोसत नव्हतं.

पुढच्या शनिवारी त्या लालबागला गेल्या तेव्हा दोघांचेही तक्ते त्यांनी मागितले नाहीत. खुर्ची ओढून त्या कुशाबांच्या उजव्या हाताला बसल्या आणि म्हणाल्या, "मी या आठवड्यात दोनदाच केलं. आधीच्या आठवड्यातही दोनदाच. बाकीच्या खुणा टॅक्सीत केल्या."

कुशाबांनी मान हलवली. "दोन पेनं वापरलीत. घडी घालताना बघितलं मी. हुशारीनं केलं होतं."

"तुम्हाला टाका तुटायची भीती वाटते, असं कळलं."

कुशाबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे भांड्यांचा आवाज एकाएकी वाढला.

"टाका आता तुटत नाही," बाई म्हणाल्या. "ताणतं ते चिकटलेलं असतं म्हणून. ते सुटायलाच हवं. माझं चुकलं, हे मी तेव्हाच तुमचा हात धरून सांगायला हवं होतं. गिटार घ्या. तारा सैल करा, अगदी ढिल्या. तुम्ही फक्त बोटं ठेवा. छेडते मी."

"मॅडम, आवाज बेकार येणार."

"आला तर माझ्या हातामुळे आला असं समजा. मला कुठे छेडता येतं?"

कुशाबांनी गिटार घेतली. दुखरं बोट त्यांनी उचललं आणि पाचव्या तारेवर ठेवलं. बाईंनी त्यांच्या कोपराशेजारून आपला हात घातला आणि तारांवरून फिरवला. ढिल्या तारा गुरगुरल्या. वाजलं ते काहीच्या बाही होतं आणि कुणाच्या हातामुळे, हे सांगता आलं नसतं. "परत," बाई म्हणाल्या.

दहा मिनिटांनी कुशाबांनी गिटार त्यांच्याकडे दिली. "आता तुम्ही बोटं ठेवा. छेडतो मी."

शेवंती चहा घेऊन आली तेव्हा तिचा नवरा आणि त्याची डॉक्टरीण एकाच गिटारीला दोन बाजूंनी भिडले होते, एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत. ती कपबश्या धरून जरा वेळ उभी राहिली. "दोगांका मिळान एक गिटार येयत," ती म्हणाली आणि चहा खिडकीत ठेवून गेली.

मे महिनाभर असंच चाललं. बाई शनिवारी लालबागला जात आणि बुधवारी संध्याकाळी कुशाबा परळला येत. शेवटचा पेशंट गेला की दोघं गिटार काढत. तारा दर आठवड्याला थोड्या थोड्या ताणत नेल्या. बोट चाराचं तीनवर आलं, तीनाचं दोनवर. कुशाबांनी घरी किती केलं, हे बाईंनी विचारलं नाही. काही आठवड्यांत त्यांनी काहीच केलं नसेल. बाईंनीही केलं नव्हतं. पण काही आठवड्यांत दोघांनीही केलं, आणि बाईंच्या बोटांची टोकं एवढी घट्ट झाली की भाजी चिरताना सुरी लागलेली कळत नसे. ई मायनर स्वच्छ वाजू लागला. मग जी आला. सी येता येता राहत होता. जीवरून सीवर जाताना बोटं अशी काही घोटाळत, की तेवढ्यात गाणं कुणीतरी दुसऱ्यानं गाऊन संपवलं असतं. नवशिक्यांना रडवणाऱ्या एफ या कॉर्डचं नाव कुशाबांनी एकदा काढलं आणि बाईंचा चेहरा पाहून लगेच मागे घेतलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सर्जननं बोट तपासलं. बोट वाकलं नसतं तर दुसरं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. बाई मुद्दाम बरोबर गेल्या. सर्जननं मोजपट्टी लावली. एक सेंटीमीटर.

"ऑपरेशनची गरज नाही," तो खुशीत म्हणाला. मग फाइल उलटताना त्याच्या हाताला ते सुरुवातीचे तक्ते लागले. "हे बघा. मार्चपासून एक दिवस चुकलेला नाही. याला म्हणतात पेशंट. मॅडम, नंतरचे कुठे आहेत?"

"हरवले," सुमतीबाई म्हणाल्या.

"हरकत नाही. यातल्या एकाची मी झेरॉक्स काढून ओपीडीत लावतो. नुसतं सांगून लोक ऐकत नाहीत. डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

कुशाबा खिडकीबाहेर बघू लागले. बाईंनी तोंड उघडलं होतं, पण सर्जन इतका प्रसन्न दिसत होता, की त्यांनी ते मिटलं. आठवड्याभरात तो तक्ता ओपीडीच्या भिंतीवर लागला. पुढच्या महिन्यात बाईंच्या दवाखान्यात आलेला एक पेशंट तो पाहूनच घाबरून आला होता.

ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम परळच्याच एका हॉलमध्ये झाला, रविवारी संध्याकाळी. खुर्च्या पाऊणशे, त्यातल्या साठ भरलेल्या, बहुतेक नातेवाइकांनी. गुरुदत्त आणि सुमतीबाई शेवंतीच्या शेजारी बसले. कुशाबांनी लाल शर्ट घातला होता आणि ते मागच्या रांगेत, ड्रमच्या आडोशाला उभे होते. पहिली दोन गाणी सुरळीत गेली. तिसरं वेगवान होतं. मुखड्याच्या शेवटी एका जागी कुशाबांचा उजवा हात चालत राहिला, पण डावा नुसता तारांवर पडून राहिला, आणि त्या ठिकाणी गिटार वाजलीच नाही. पुढच्या फेरीलाही तेच. हॉलमधल्या साठांपैकी एकाच्याही लक्षात आलं नसावं, कारण त्याच वेळी की-बोर्डवाला जोरात होता. पण सुमतीबाईंच्या लक्षात आलं. तो सी होता. त्याची वाट बघत त्या रोज बसत, आणि तो आला नाही की कसं वाटतं, हे त्यांच्याइतकं तिथे दुसरं कुणालाच माहीत नव्हतं.

"बरा वाजवतत ना?" शेवंतीनं कानात विचारलं.

"एकदम छान," बाई म्हणाल्या.

गुरुदत्त टाळ्या वाजवत म्हणाले, "तुझ्यासारखंच." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते मनापासून म्हणाले होते.

बुधवारी कुशाबा परळला आले. खुर्चीवर बसून त्यांनी हात टेबलावर ठेवला, तोच हात, तळवा वर.

"तिसऱ्या गाण्यात मी सी खाल्ला. दोन्ही वेळा. कळलं?"

"नाही," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "कळलं."

"बाकी कुणाला कळलं नाही. सगळे म्हणाले, परब, हात पहिल्यासारखा झाला. मी पण हो म्हटलं. मला वाटलं, तुम्ही बोलाल."

"मी शेवंतीताईंना सांगितलं, छान झालं."

"हां, तिनं सांगितलं मला. म्हणाली, डॉक्टरीण खोटा बोलता तेव्हा मान वाकडी करता."

बाईंना हसू आलं. त्यांनी बोट हातात घेतलं आणि वाकवून पाहिलं. शेवटचा एक सेंटीमीटर सगळ्यांत हट्टी असतो, तो कधी कधी जातच नाही, हे त्यांनी कुशाबांना सांगितलं, छापील कागदावरून नाही, बोट हातात धरून. गेला नाही तरी सी वाजवायची दुसरी एखादी वाट असेल का, असंही त्यांनी विचारलं.

"आहे ना," कुशाबा म्हणाले. "मधल्याऐवजी करंगळी घ्यायची. पण ती मला पण पहिल्यापासून शिकावी लागेल. एकदम नवशिक्यासारखी."

"किती दिवस लागतील?"

कुशाबांनी विचार केला. "खरं सांगू? माहीत नाही."

बाईंनी उठून कोपऱ्यातली गिटार आणली. बाहेर बाकावर आणखी एक पेशंट थांबला होता, हातात सात चौकोनांचा कागद घेऊन. पाच मिनिटं थांबा म्हणून बाईंनी त्याला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. आतून जे वाजू लागलं, ते ऐकून त्यानं खुणा करायला काढलेलं पेन परत खिशात ठेवून दिलं आणि तो दाराकडे बघत बसला.